न बोलावता आलेली होडी

त्या दिवशी वारा अगदी पडला होता. कार्तिकातली सकाळ, पण उजेड तांब्याच्या भांड्यासारखा लालसर, आणि माडाच्या झावळीचं पातंसुद्धा हलत नव्हतं. वारा नाही, तरी लाटा मात्र फुगून फुगून किनाऱ्याला येत होत्या. फार मागची गोष्ट ही. माझ्या आज्यालासुद्धा ती ऐकूनच ठाऊक होती.

आमच्या खाडीच्या मुखाशी एक जुवं आहे. जुवं म्हणजे खाडीतलं सखल बेट. तिथे खारव्यांची, म्हणजे मासे मारणाऱ्यांची घरं, आणि अलीकडे टेकडीवर आमचं गाव. मधल्या पाण्यावर होडी चालवायचा तो हरबा तारी. पलीकडून कोणी “तारी हो” असा कुकारा घातला, की हरबा असेल तसा उठायचा. रात्र असो, ताप असो, कुकाऱ्याला नाही म्हणायचं नाही.

पण जुव्यावर कोणी मेलं, तर कुकारा घालायची रीत नव्हती. मसण टेकडीच्या बाजूला. घरावर पांढरं फडकं दिसलं, की हरबा समजायचा आणि मुकाट होडी न्यायचा. म्हणून न बोलावता होडी आली की माणसं आधी कोण गेलं ते विचारायची. ती होडी प्रेताची. जित्या माणसाने तिच्यात पाय ठेवायचा नाही.

त्या खाडीत पाणमांजरं फार. जाळी फाडतात म्हणून लोक त्यांना शिव्या घालायचे. हरबाचं मात्र त्यांच्याशी जमायचं. एक मादी त्याच्या होडीच्या टोकावर बसून मासा खायची आणि हरबा तिची खुशाली विचारायचा, असं म्हणतात. त्या सकाळी हरबाने बघितलं, तीच मादी भर उजेडात जुव्याकडून पोहत आली. तोंडात पिल्लू. ते तिने टेकडीवर उंच कपारीत ठेवलं आणि दुसरं आणायला माघारी गेली. बाकीची पाणमांजरंही तिच्या मागोमाग पिल्लं वर नेत होती.

हरबा उठला आणि न बोलावता होडी घेऊन जुव्याला गेला.

होडी बघून माणसं दारात आली. एकाने भीत भीत विचारलं, “हरबा, कोण गेला रे?”

“कोण गेला नाय. कोणी जाव नये म्हणान इलंय. मोठा वादळ येतला. होडयेत बसा.”

“तुका कोणी सांगल्यान?”

“पाणमांजरीन.”

“मग तिकाच बसव होडयेत,” तो म्हणाला, आणि दोघं-चौघं हसले.

पण पाय कोणी उचलला नाही. आयांनी पोरांना पदराखाली ओढलं. हरबा बोलका नव्हता. तो होडीतच बसून राहिला. तेवढ्यात उगवतीकडून वाऱ्याची पहिली झुळूक आली आणि वाळू सळसळली.

जुव्यावरची सगळ्यांत म्हातारी बाई म्हणजे आवडाई. तोंडात दात नाही, कमरेत बाक. ती काठी टेकत पाण्यापाशी आली, हरबापासून हातभर लांब उभी राहिली, आणि तो जसा काही पार पैलतीरावर आहे अशी तोंडाला हात लावून ओरडली, “तारी होऽऽ”

हरबा उठून उभा राहिला. “इलंय गो आवडाये.”

“कित्याक उशीर केलंस?” म्हातारी म्हणाली आणि होडीत बसली.

लोक खदखदून हसले. हसता हसताच भीती गेली. होडी आता बोलावलेली होती.

मग हरबा खेपा घालत राहिला. वारा वाढला, खाडीचं पाणी उभं राहायला लागलं. म्हातारी माणसं, तान्ही पोरं, शेळ्या, कोंबड्यांच्या पाट्या, सगळं टेकडीवर पोचलं. घराघरांनी आपापली माणसं बघून घेतली. कोणी मागे राहिलं नव्हतं.

तेव्हा जुव्याकडून कुकारा आला, “तारी हो”. सगळ्यांनी ऐकला. कोणी म्हणे वारा, कोणी म्हणे पाणमांजराची शीळ. हरबा दोर सोडायला लागला, तसा त्याचा शेजारी धाकू याने दोर धरला. “थय कोण नाय हरबा.”

“कुकारो इलो मा? जावक व्हया.”

धाकूने बराच वेळ दोर धरून ठेवला. मग सोडला.

समुद्र जुव्यावरून आरपार गेला. माड इतके वाकले की त्यांचे शेंडे पाण्याला लागले, असं म्हणतात. घरं गेली. माणूस गेला तो एक हरबाच. पाणी ओसरलं तेव्हा त्याची होडी एका तिवराच्या झाडाच्या शेंड्यावर सरळ बसलेली दिसली, आतून कोरडी. आत हरबाच्या कांबळ्यावर पाणमांजराचं पिल्लू निजलं होतं. आई आली आणि सगळ्यांच्या देखत त्याला तोंडात धरून घेऊन गेली, असं म्हणतात.

तेव्हापासून पाणमांजरांच्या बिळांपाशी आमच्याकडे कोणी जाळं लावत नाही. आणि दर कार्तिकात, खाडी शांत असताना, गावाच्या होड्या न बोलावता जुव्याला जातात. तिथली सगळ्यांत म्हातारी बाई हातभर अंतरावरून कुकारा घालते, आणि सगळं जुवं म्हातारी, पोरं, शेळ्या, कोंबड्या घेऊन टेकडी चढतं. आता वादळाची खबर फोनवर आधीच येते. तरी पायांना सवय हवी, म्हणून हे चुकवत नाहीत.

वर सगळे एका पंगतीला बसतात. पहिला घास घ्यायच्या आधी धाकूच्या घरातला कर्ता माणूस एक पान वाढून झाकून ठेवतो आणि खाडीकडे तोंड करून, धाकूने दोर सोडताना हरबाला जे म्हटलं होतं, तेच म्हणतो, “सावकाश ये. तुजा जेवाण झाकून ठेवतंय.”