ओचं तळं

लग्न होऊन आलेल्या मुलीला तुम्ही तिचं नाव चपलांसारखं उंबऱ्याबाहेर काढून ठेवायला लावता, आणि वर त्याला कौतुक म्हणता! आंबेशेत गावात हे चालत नाही. इथे नवरीपुढच्या ताटात तांदूळ नसतात, साळ असते, टरफलासकट भात. त्यात अंगठीनं अक्षर उमटत नाही. कारण विचारलं की तानूमामा गुरव पाहुण्यांना ओच्या तळ्यावर नेतात.

तळं खोदलं, पण पाणी लागेना, असं सांगतात. देवाचा कौल आला : पाटलाच्या घरची गंगा द्या. गंगा ही पाटलाची एकच लेक. पाटलानं म्हणे आठवड्यात मुलाचं लग्न उरकलं. गरिबाघरची साळू सून म्हणून आणली. भाताच्या मळणीत जन्मली, म्हणून साळू. पाटलानं मुलाचा हात धरून तांदळात तिचं नवं नाव गिरवून घेतलं.

"काय लिवलंय?" साळूनं नणंदेला विचारलं.

"माझंच नाव, वहिनी! आता एक हाक मारली की दोघी धावू," गंगा हसली.

साळूला हसू आलं नाही. एका घरात दोन गंगा कशाला, हेच तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी तिची ओटी भरली आणि पूजेचं सांगून तिला तळ्याच्या कोरड्या तळाशी उतरवलं. तीन हाका मारायच्या, ओ देईल ती देवाची, हा नेम काठावरच्या मोठ्यांना ठाऊक होता. नैवेद्याची ताटं सांभाळत सगळे गप्प उभे होते. साळूनं वर पाहिलं, तर एकानंही नजर दिली नाही.

"गंगेऽ!" पाटील ओरडला. साळू गप्प. ते नाव अजून तिचं झालंच नव्हतं. दुसरी हाक गेली. तिसऱ्या हाकेला काठावरची लेक सवयीनं बोलून गेली, "ओ, बाबा!"

तिच्या पायाखालची दरड खचली, गंगा दरडीसकट गडप झाली आणि तिथूनच पाणी फुटलं. कमरेएवढ्या पाण्यातून साळू वर आली. छाती बडवणाऱ्या पाटलासमोर उभी राहून म्हणाली, "मी साळू." त्यानंतर दुसऱ्या कुठल्या नावाला तिनं ओ दिली नाही.

पुढे तिनं गावच्या कितीतरी बाळंतिणी सोडवल्या, आणि घरोघर तिच्या नावाच्या साळू जन्मल्या. गावातली पहिली मास्तरीण साळूच, आणि आताची सरपंचही.

आजही तळ्यावर कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही. तानूमामा हात जोडून सांगतात, "देवानं न्याय केला."

काठावर धुणं आपटणारी बाई परवा मान वर न करता म्हणाली, "न्याय कसला, मामा? बापानं हाक मारली, पोर ओ म्हणाली."