आठ पायांचा मुंगळा

"...मग गादीचं काय ठरवलंत, बाबा?"

केरबानं पुन्हा विचारलं. सटवाजीबाबांना आता मठाची पायरी चढतानाही धाप लागे. पुढं कोण, हे गावही विचारू लागलं होतं, आणि गावाच्या मनात केरबाच होता. चालणं बाबांचं, मान कलती ठेवणं बाबांचं, बोलण्याआधी थांबणंसुद्धा बाबांचं. पाठमोरा दिसला तर बायाबापड्या बाबा समजून त्याच्याच पाया पडत.

बाबांनी त्याला मठामागच्या आंब्यापाशी नेलं. खालच्या फांदीवर तांबड्या मुंगळ्यांची रांग चालली होती.

"यातला परका कोण, सांग."

केरबा बघत राहिला. सगळे सारखेच. एकावर त्याची नजर ठरली.

"परका नाही दिसत कुणी. पण हा बघा... तोंडात केवढं ओझं धरून चाललाय. सगळ्यांत कष्टाळू हाच."

"ओझं नाही ते. जबडाच आहे त्याचा. पाय मोज."

आठ होते. पुढचे दोन उचलून तो मुंगळ्याच्या मिशांसारखे हलवत होता.

बाबांनी सावकाश सांगितलं, की हा कोळी. उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या कुळातला, शिकारीसाठी जाळं विणत नाही. जन्मभर मुंगळ्यांच्या आसपास राहतो, पण खरा मुंगळा समोर आला की वाट बदलतो. मुंगळे चावतात म्हणून पाखरं त्यांच्या वाटेला जात नाहीत; त्यात हाही वाचतो.

"हुशार आहे," केरबा हसला.

"आहे."

बाबांनी फांदीवर थाप मारली. मुंगळे उसळले, त्यांच्या हातावर चढून कडकडून चावले. केरबा मागं सरून धोतर झटकू लागला. बाबांनी हात काढला नाही.

कोळी तेवढा फांदीखाली लोंबत होता, आपल्या धाग्याला धरून...

केरबाचं हसू गेलं. तापाची साथ आली तेव्हा मठातली माणसं घरोघर रोग्यांच्या उशाशी बसली होती. तो बहिणीच्या गावी जाऊन राहिला, आणि साथ ओसरल्यावर परत आला. बाबांनी काही विचारलं नव्हतं. पान मांडून जेवायला वाढलं होतं.

"म्हणजे... गादी मला नाही."

बाबा हातावरचा एकेक मुंगळा अलगद सोडवून फांदीवर ठेवत राहिले.

"घे, केरबा. ज्यांना द्यायची, ते त्या साथीतच गेले."