गोजाईच्या भट्टीची काच

फार वर्षांपूर्वी टेंभुरखेडे गावी गोजाई नावाची एक काचारीण राहत असे. तिची बांगड्यांची भट्टी नदीच्या उतारापाशी होती. नदीला पूल नव्हता. माणसे, जनावरे आणि देवाची पालखीसुद्धा याच उतारावरून पाण्यात शिरत. आणि याच उतारावर ते शहाणे गाव आपली फुटकी काच आणून टाकीत असे! नदी सर्व काही पोटात घेते, अशी त्यांची समजूत होती. नदीने काहीएक घेतले नाही. पाणी भरणाऱ्या बायांचे तळवे चिरत, आणि दोष मात्र नदीला मिळे.

गोजाई रोज ती काच वेची, वितळवी आणि तिच्या बांगड्या करी. तिच्या अनवाणी पायांना कधी ओरखडाही उठला नाही, असे म्हणतात.

पुढे नागोजी पाटलाच्या लेकीचे लग्न ठरले. गोजाई चुडा भरायला गेली, तेव्हा पाटलाची आई कडाडली. त्या म्हातारीचे स्वतःचे हात चाळीस वर्षे मोकळे होते.

"अगं ए काचारणी! नवरा गेलेल्या बायांच्या बांगड्या उतारावर फोडतात, तीच काच माझ्या नातीच्या हातात घालतेस?"

"तीच, आजी. भट्टीत पडल्यावर काचेला ना सोयर ना सुतक. तुमच्या सुनेच्या हातातली काय आभाळातून पडली?"

"विझवा हिची भट्टी!" पाटील गरजला.

"विझवा की! पण आधी गावातल्या सगळ्या सवाष्णींचे हात मोकळे करा, पाटील. बांगड्या त्याच काचेच्या आहेत."

नवरा जिवंत असता बांगडी कोण उतरवील? बायांनी हात पदराआड घेतले. बांगड्या हातात राहिल्या आणि त्या घडवणारीच्या भट्टीवर पाणी पडले! याला न्याय म्हणावे काय?

गोजाईने काच वेचायची टोपली पालथी घातली. वर्षभर उतारावर काच साचत गेली. पौष पौर्णिमेला पालखी निघाली, भोयांनी पाण्यात पाय टाकला आणि पाणी लाल झाले. पालखी अशी जड झाली की वीस माणसांना जागची हलेना, असे म्हणतात.

तेव्हा पाटील गोजाईच्या दारी आला. "बाई, चुकलो. तेवढा उतार साफ कर."

"मी का म्हणून? ज्याने टाकली त्याने वेचावी. पहिला हात तुमच्या आईचा."

म्हातारी पदर खोचून पाण्यात उतरली. तिच्या हाती पहिलाच तुकडा आला तो हिरवा, पिवळ्या ठिपक्याचा. चाळीस वर्षांपूर्वी याच उतारावर फोडलेली, वाळूत रुतून राहिलेली आपली बांगडी तिने ओळखली. "ही माझी गं," एवढेच म्हणाली.

मग सारे गाव पाण्यात उतरले. म्हातारीचा तुकडा आत पडताच वर्षभर थंड असलेली भट्टी सरपणाविना धडधडून पेटली, असे म्हणतात. गोजाईने त्याची बांगडी केली आणि म्हातारीच्याच मोकळ्या हातात भरली. तिकडे उतारावर पालखी फुलासारखी उचलली गेली.

आजही टेंभुरखेड्यात पौष पौर्णिमेला प्रत्येक घर उतारावरची काच वेचते. पहिला मान पाटलाच्या घराचा. वेचणाऱ्या प्रत्येक बाईला गोजाईच्या नावाची एक हिरवी बांगडी भरतात. आणि हात सवाष्णीचा की विधवेचा, असे कुणी विचारलेच, तर त्याच्या हाती टोपली देऊन त्याला पुन्हा पाण्यात धाडतात.