फडक्यावरचं काळं

"तिला रेकॉर्ड धुवायला कशाला शिकवतेस, आत्या? तिच्या तळहातांना घाम येतो."

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. मी दाराबाहेर होते, हातात चहाचा ट्रे होता, आणि घाम खरंच येत होता.

आतून सिंधूआत्यांचा आवाज आला, "बरंय की. पाणी कमी लागेल."

मी ट्रे घेऊन आत गेले आणि साखर विचारली. लग्नाला चार महिने झाले की एवढं जमायला लागतं.

घामाचं बोलला तो माझा नवरा, उदयन. सिंधूआत्या त्याच्या आत्या. जळगावात आमच्या मागच्या गल्लीत एकट्या राहतात. एकतीस वर्षं नभोवाणीच्या रेकॉर्ड-खोलीत नोकरी केली. आता त्यांच्या डोळ्यांपुढे मधोमध धुकं असतं आणि कडेकडेनेच काय ते दिसतं. त्यामुळे ज्याच्याकडे बघायचं, त्याच्यापासून त्या तोंड फिरवून बसतात. नवख्या माणसाला वाटतं, रागावल्यात.

त्यांच्या कपाटात तीनशे चाळीस रेकॉर्डी आहेत. त्या रविवारी त्यांनी निरोप धाडला होता, "ज्याला धुता येतील त्याने घेऊन जाव्यात."

'ज्याला' म्हणजे आपल्यालाच, याबद्दल उदयनला शंका नव्हती. लहानपणी तो शाळेतून आला की त्या कपाटासमोर मांडी घालून बसायचा. हात लावायची परवानगी नसायची. मला बघायला आला, तेव्हा मी काय शिकले हे विचारायच्या आधी त्याने मला या कपाटाबद्दल सांगितलं होतं.

आता तो कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. पिशवीतून त्याने एकेक वस्तू काढली. मऊ ब्रश, डिस्टिल्ड वॉटर, स्पिरिटची बाटली, पांढरी फडकी, ड्रॉपर. शेवटी एप्रन. एप्रनबद्दल मी काही विचारलं नाही.

"बघ आत्या. एक भाग स्पिरिट, चार भाग पाणी. दोन थेंब भांड्यांचा साबण."

"हं."

"आडवं पुसायचं नाही. खाच जशी फिरते तसंच गोल फिरायचं."

"हं."

"लेबलला थेंब लागता कामा नये."

"हे कुणी सांगितलं?"

"सगळे हेच सांगतात. दोन महिने वाचतोय मी."

"मग बरोबरच असेल..."

आत्यांनी चहाचा एक घोट घेतला आणि पहिली रेकॉर्ड दिली. हलकी, प्लास्टिकची, जरा वाकणारी, चाळीसेक वर्षांपूर्वीची.

उदयनने ती धुतली. खोटं कशाला सांगू, सुंदर धुतली. त्याचे हात इतके सावकाश चालतात हे मला माहीत नव्हतं. साध्या पाण्यातून काढली, ताटाळ्यात उभी करून वाळवली, मग लावली. सुरांमागे एरवी जी तडतड असते ती गेली होती. सारंगी अगदी खोलीत आली.

"कशी?"

"छान."

"म्हणजे पास?"

"ही एक झाली..."

दुसरी रेकॉर्ड आत्यांनी स्वतः उठून आणली. तपकिरी कागदात गुंडाळलेली. जाड, जड, एका कडेचा टवका उडालेला.

"ही माझ्या बाबांची. त्यांनी आणलेल्यांपैकी पहिली. लाखेची आहे, जपून. पडली तर बशीसारखी फुटते."

"माहितीये गं. अठ्ठ्याहत्तरच्या वेगाची. तेव्हा सगळ्या लाखेच्याच असायच्या," उदयन म्हणाला. त्याला खरंच सगळं माहीत असतं.

त्याने रेकॉर्ड उजेडात तिरकी धरून पाहिली. वर धुळीचा राखाडी थर होता.

"हिला जरा कडक लागेल."

आणि पाणी न घालता त्याने नुसतं स्पिरिट फडक्यावर ओतलं.

तो वास माझ्या ओळखीचा होता. माझे वडील भुसावळला फर्निचरला पॉलिश करतात. संध्याकाळी ते बरणीत स्पिरिट घेतात आणि त्यात लाखेचे पिवळे पापुद्रे टाकतात. सकाळी बरणीत पापुद्रे नसतात. मधाच्या रंगाचं पॉलिश असतं. लहानपणी मला वाटायचं, रात्रीतून कुणी खाऊन जातं.

रेकॉर्डींबद्दल मला काही कळत नाही. लाख आणि स्पिरिट एका बरणीत ठेवलं की काय होतं, ते कळतं.

उदयनने वाचलं त्यातही हे कुठेतरी असणारच. पण दोन महिने वाचलं तरी माणूस आपल्याला आवडतं तेवढंच वाचतो.

मी हे मनात जुळवेपर्यंत फडकं कडेला टेकलं होतं. एक फेरी झाली. फडकं काळं झालं.

"बघ आत्या! केवढा मळ!"

त्याने घडी पालटली. आणखी एक फेरी. पुन्हा काळं.

"सत्तर वर्षांचा असेल! शलाका, बघ तरी!"

मी बघतच होते.

'थांबा' म्हणायला हवं होतं. पण या घरात मी आजवर 'हो' आणि 'वाढू का' एवढ्यावर भागवलं होतं. मी आत्यांकडे पाहिलं. त्यांचं तोंड भिंतीकडे होतं.

म्हणजे त्या माझ्याकडे बघत होत्या.

उदयनने तिसरी घडी घातली आणि बाटलीकडे हात नेला. त्याच्या आधी मी बाटली उचलली, बूच लावलं आणि घट्ट पिळलं.

"अगं, लागणार आहे मला ते."

मी बाटली मांडीत घेतली.

"काय चाललंय हिचं? आत्या, सांग ना हिला."

"काय सांगू?"

"दे म्हणावं."

"ती देईलसं दिसत नाही..."

मी त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि आत्यांच्या नाकाशी धरलं. त्यांनी एकदा वास घेतला. दुसऱ्यांदा घेतला नाही.

"उदयन, हा मळ नाही."

"मग?"

"रेकॉर्ड."

...

तो रेकॉर्ड घेऊन खिडकीत गेला. कडेला नखभर रुंदीचं एक वर्तुळ होतं. तिथली चकाकी गेली होती, हात फिरवला तर चिकट लागत होतं. गाणं त्याच्या जरा आत सुरू होतं. केसभर आत.

त्याने रेकॉर्ड दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली.

"तुला माहीत होतं, आत्या?"

"बाटली उघडलीस तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस?"

त्याने चिकट झालेलं बोट एप्रनला पुसलं.

"मला सोड. हिला विचारलंस?"

"आत्या, आजोबांची रेकॉर्ड होती ती..."

"होती काय? आहे. नखभर गेली. कपाटात अशा ऐंशी आहेत, त्या आजपासून वाचल्या."

उदयनने एप्रनची गाठ सोडायला घेतली. ती सुटेना. मी उठून सोडून दिली. मग तो सामान पिशवीत भरायला लागला. ब्रश, ड्रॉपर, उरलेली फडकी. सगळं अगदी नीट, घड्या घालून. असं नीट भरणारा माणूस बघवत नाही.

"मी नाही नेत कपाट," तो पिशवीत बघत म्हणाला.

"नेऊ नकोस असं मी कुठे म्हटलं?"

"मला नाही येत, आत्या."

"हे सकाळी आला होतास तेव्हा येत नव्हतं."

"काय?"

"येत नाही असं म्हणायला."

तो हसला नाही, पण पिशवी भरायचं थांबला. ब्रश हातात घेऊन तो तसाच उभा राहिला. बाहेर कुणीतरी स्कूटर लावली, दोनदा स्टँड घसरला, तिसऱ्यांदा लागला.

मग तो माझ्याकडे वळला. चार महिन्यांत त्याने मला पुष्कळ प्रश्न विचारले होते. ज्याचं उत्तर त्याच्याकडे नाही असा हा पहिला.

"शलाका... मग हिला धुवायचं तरी कशाने?"

आत्यांनी तोंड फिरवून भिंतीकडे केलं. दोघंही माझ्याकडे बघत होते.

मी म्हणाले, "आज अजून तर कुणी ती ऐकलीसुद्धा नाही. आधी लावा. धुवायची का, ते मग ठरवू."