खिंडीअलीकडचा फोन

"बाई, या हवेत उडणं नियमात बसतंय की नाही, एवढंच सांगा!"

समरजित काटेनं हे तिसऱ्यांदा विचारलं. बर्वेबाई विमानांच्या हँगरच्या दारात खुर्ची टाकून मेथी निवडत होत्या. त्यांनी हातातली जुडी संपवली आणि दुसरी घेतली.

"बसतंय," त्या म्हणाल्या.

"मग?"

"मग काय? बसतंय."

मी शौकत, या धावपट्टीवरचा मेकॅनिक. समरजितचं चार सीटचं विमान मी तासाभरापूर्वीच तपासून दिलं होतं. इंजिनात काही खोट नव्हती. खोट होती ती आभाळात. भाद्रपदातले ढग डोंगरावर उतरले होते, आणि लहान विमानानं पलीकडं जायचं तर डोंगरामधल्या खिंडीतूनच जावं लागतं. खिंडीत ढग भेटला तर खेळ खलास. दोन्ही अंगांना कातळ, वळायला जागाच नाही.

आणि विमानात त्याची बायको, ऋतुजा, पट्टा बांधून बसलेली. सातवा महिना. पलीकडं तिच्या माहेरी दुपारी बाराला डोहाळजेवण होतं. घाटात दरड कोसळून रस्ता बंद झालेला. घरचं विमान असताना जावई नाही कसा म्हणणार!

पोरगा तसा चांगला. बाईंनीच त्याला उडायला शिकवलं. पण त्याचे एकशे दहा तास उडून झाले होते, आणि हा फार वाईट आकडा. आपल्याला सगळं येतं असं माणसाला वाटायला लागतं. हे मी त्याच्या तोंडावर बोलायला हवं होतं. नाही बोललो. भित्रा आहे मी.

"खिंड दिसतेय," समरजित म्हणाला.

"शौकत, तुला दिसतेय का रे?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

मी डोळे बारीक करून पाहिलं. "दिसल्यासारखी वाटतेय."

"दिसल्यासारखी काय, शौकतभाई? दिसतेय! ती बघा ना, ती फट!"

बाईंनी जुडीतलं एक पिवळं पान काढून टाकलं.

"बाई, तुम्ही सरळ नाही म्हणा. म्हणजे विषय संपला."

"मी नाही म्हणणार नाही."

"का?"

"अजितला म्हटलं होतं."

...

अजित देवल. बाईंचाच विद्यार्थी. चार वर्षांपूर्वी अशाच हवेत बाई त्याला नाही म्हणाल्या, तेव्हा पाय आपटत घरी गेला. दुसऱ्या दिवशी बाई गावात नाहीत असं बघून उडाला. हवा आदल्या दिवशीसारखीच होती. तो सापडायला आठ दिवस लागले.

बाईंनी निवडून झालेली मेथी पुन्हा निवडायला घेतली.

समरजितनं घड्याळ पाहिलं. "साडेदहा झाले. निघायला हवं. आशीर्वाद द्या, बाई."

तो वाकला.

बाईंनी पाय मागं घेतले.

तो तसाच वाकलेला राहिला. मग हळूहळू सरळ झाला.

"सासरी फोन केला होतास?" बाईंनी विचारलं.

"केला की. मामांशी बोललो."

"काय सांगितलंस?"

"निघालो म्हणून."

"किती वाजता?"

"आठला."

"आठला कुठं होतास?"

तो ओशाळला. "दाढी करत होतो. आता असं म्हणतातच की, बाई..."

म्हणतात. आपल्याकडं सगळेच म्हणतात. अंगाला साबण लावलेला असताना 'निघालो, पोहोचलोच' असं मीही फोनवर ठोकून दिलंय.

"आता परत लाव फोन," बाई म्हणाल्या. "सांग, येत नाही."

"पण मी जातोय ना!"

"जा की. मी कुठं अडवतेय? आधी येत नाही म्हणून सांग. मग जा."

"हे काय भलतंच! आणि तिकडं उतरल्यावर काय तोंड दाखवू?"

"उतरलास तर हेच दाखव."

तो हसला. माझ्याकडं पाहिलं. मी हातातल्या पान्याकडं पाहायला लागलो. मग त्यानं रागारागानं फोन काढला. बाईंचं मन राखायचं, एवढंच त्याच्या मनात होतं असणार.

सासऱ्यांचा आवाज असा दणदणीत की मला चार पावलांवरून ऐकू आला.

"बोला जावईबापू! कुठवर आलात? आम्ही हार घेऊन मैदानावर उभे आहोत!"

"मामा..."

"हां, बोला की!"

"मामा, आम्ही... येत नाही."

...

पलीकडं कुणी तरी बायका हसत होत्या. तेवढंच ऐकू येत होतं.

"निघालो म्हणाला होतात," सासरे म्हणाले. आवाज एकदम म्हातारा झाला.

"हो."

"सगळं गाव जेवायला बोलावलंय हो. हिच्या आईनं चार दिवस..."

"चुकलं माझं, मामा. मी तेव्हा निघालो नव्हतो."

"आणि आता?"

समरजितनं बाईंकडं पाहिलं. बाई मेथीकडं बघत होत्या.

"आता येत नाही."

फोन पलीकडून बंद झाला. समरजितचे कान लाल झाले होते. इतका अपमान त्याचा कुणी केला नसेल, आणि तो त्यानं स्वतःच्याच तोंडानं करून घेतला होता.

"झालं समाधान? आता जातो."

"जा," बाई म्हणाल्या.

तो तरातरा विमानापाशी गेला. मी मागोमाग गेलो, चाकांखालचे ठोकळे काढायला. काय सांगू, माझे हात चालेनात. वाकलो आणि तसाच बसून राहिलो. मनात म्हटलं, या अल्ला, आता तूच बघ.

त्यानं दार उघडलं. एक पाय वर ठेवला. खिंडीकडं पाहिलं.

आणि थांबला.

"काय झालं? बसा ना!" आतून ऋतुजा म्हणाली. "आई वाट बघत असेल."

त्यानं बाहीनं डोळे पुसले, पुन्हा पाहिलं. विमानाला वळसा घालून पलीकडून पाहिलं. माझ्याकडं आला.

"शौकतभाई, ठोकळे राहू द्या."

ऋतुजाचा पट्टा त्यानं स्वतः सोडला. तिला हात धरून, एकेक पाऊल सांगत खाली उतरवलं. ती रडायला लागली. माहेरचं डोहाळजेवण चुकलं होतं बिचारीचं. तो तिच्यापुढं मान खाली घालून उभा राहिला. मग तिला सावलीत बसवून बाईंकडं आला.

"बाई..."

"हं."

"खिंड ढगात कधी गेली?"

...

"आईशपथ सांगतो, बाई. मघाशी मला चक्क दिसत होती!"

बाईंनी पहिल्यांदा त्याच्याकडं नीट पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"तुला सासरवाडी दिसत होती."