अर्ध्या मोळीचा भात

फार जुन्या काळची गोष्ट. इतकी जुनी, की सांगणाऱ्याच्या पणजीलाही ती ऐकूनच माहीत होती.

एका टेकडीच्या दोन अंगांना दोन लहानशा पाठशाळा होत्या. अलीकडची गुरुमायची, पलीकडची गुरुजींची. मुले दोन्हीकडे मूठभर, पण शिकवायचे सगळेच: गाणे, गणित, झाडपाला, तारे आणि न भांडता वाद घालणे.

अनसू नावाच्या हुशार मुलीला दोन्हीकडून होकार आला. घरात आनंदीआनंद झाला आणि अनसूची मात्र झोप उडाली.

"अगं, लोकांना एक दार उघडत नाही, तुला दोन उघडली. रडतेस काय?" आई म्हणाली.

तिथली रीत अशी, की नव्या मुलाने सरपणाची मोळी आणायची. जिथे ती उतरवली, तिथला तो विद्यार्थी. वर्षाचा पहिला भात फक्त त्या सरपणावर शिजे; नवे कुणी आलेच नाही, तरच घरच्या सरपणावर. त्या वर्षी नवी अशी अनसू एकटीच होती.

नाही कुणालाच म्हणवेना. शेवटी तिने शक्कल लढवली. अर्धी मोळी गुरुजींच्या दारी ठेवली, अर्धी गुरुमायच्या.

दुपारी गुरुमायकडे पंगत बसली. पहिल्याच घासाला दाताखाली कच्चे तांदूळ कचकचले. पलीकडेही हेच झाले असणार, हे अनसूला कळले. तिला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

गुरुमाय रागावली नाही. "बाळ, जेवताना तू सारखी टेकडीकडं बघत होतीस. मन तिकडं आहे ना?"

अनसूने मान खाली घातली. "हो. पण तुम्हाला वाईट वाटेल."

गुरुमाय उठली. आपल्या पडवीतल्या सरपणाची अर्धी मोळी बांधून तिने अनसूच्या डोक्यावर ठेवली. "जा. तिकडं मुलं उपाशी असतील."

"आणि तुमचा भात?"

"माझ्या चुलीची काळजी मला आहे. तू दोन डगरींवर पाय ठेवू नकोस, म्हणजे झालं."

टेकडी चढताना अनसूला रडू आवरेना. दुःखाचे नव्हते ते. जिला आपण नाकारले, तिनेच आपल्याला वाटेला लावले, याने तिचा ऊर भरून आला होता.

अनसू पलीकडे शिकली, मोठी झाली, तिथेच शिकवू लागली. पण दरवर्षी पाठशाळा उघडण्याआधी गुरुमायच्या दारात एक मोळी उतरे. पुरती, घट्ट बांधलेली.

"तू तर त्यांची. मला कशाला गं?" गुरुमाय विचारी.

"विद्या त्यांनी दिली," अनसू म्हणे, "पण त्यांच्याकडं मला तुम्ही पोचवलंत."

गुरुमायचा पहिला भात पुन्हा कधी कच्चा राहिला नाही.

म्हणून निवड एकाच दाराची करावी, उपकार मात्र दोन्ही दारांचे स्मरावेत.