डफासाठी राखलेला विस्तव

फार जुन्या काळी एका डोंगरगावात एक उस्ताद राहत. गावाच्या कडेला फकिरांची मठी होती, तिला सगळे तकिया म्हणत. तिथे ते डफ शिकवत. शिकणं काही सोपं नव्हतं. डफ वाजवता वाजवता फारसी भाषेतली, देवाच्या प्रेमाची कवनं म्हणायची. तोंडाने ओळ, हाताने ताल. ओळीत जिथे श्वास घ्यायचा तिथे हात थांबलाच पाहिजे. नाही थांबला, की उस्ताद पहिल्यापासून म्हणायला लावत.

तिथे एक रिवाजही होता. कवन संपलं की म्हणणाऱ्याने त्याचा अर्थ गावाच्या बोलीत सांगायचा. गावात फारसी कळणारे कितीसे असणार!

उस्तादांचा एक शिष्य फार हुशार होता. उरुसाच्या दिवशी त्याने गावासमोर बिनचूक म्हणून दाखवलं, की तकियाचा मानाचा डफ त्याला मिळणार होता.

उरुसाच्या आदल्या रात्री अवकाळी पाऊस झाला. सकाळी गारठा असा पडला की डफाचं कातडं सैल झालं. उस्ताद पाहुण्यांना आणायला वेशीवर गेलेले. शिष्याने शेगडी पेटवली आणि कातडं पुन्हा ताणलं जावं म्हणून डफ शेकत बसला.

तेवढ्यात समोरच्या झोपडीतली सूत कातणारी बाई धावत आली.

"दादा, थोडा विस्तव दे. लेकरू गारठून निळं पडलंय. सरपण सगळं भिजलंय रे!"

"आज नाही जमायचं," शिष्य म्हणाला. "विस्तव कमी झाला तर डफ उतरेल."

"चार निखारे दे फक्त."

"अहो बाई, आज माझी परीक्षा आहे! दुसरीकडे बघा."

आणि त्याने दार लावून घेतलं. हो, लावून घेतलं! वर मन लावून कवनही घोकू लागला.

संध्याकाळी अंगण माणसांनी भरलं. शिष्याचा डफ काय वाजला म्हणता! एक थाप चुकली नाही, एक श्वास चुकला नाही. लोक वाहवा करू लागले. मग रिवाजाप्रमाणे तो अर्थ सांगायला उभा राहिला.

"देव म्हणतो, तुझ्या घरी ऊब असेल तर दार लावू नकोस. बाहेर जो कुडकुडत उभा आहे, तो मीच आहे."

लोकांनी माना डोलावल्या. सूत कातणारी बाईही तिथे आली होती. लेकराच्या अंगावरून उस्तादांचा हात फिरावा म्हणून ती मागे बसली होती. फारसी तिला कळली नव्हती, पण अर्थ कळला. ती ताडकन उठली.

"असं म्हणतो होय देव? मग सकाळी माझ्या तोंडावर दार कुणी लावलं? चरखा मोडून पेटवला मी, तेव्हा पोर हललं! आता मी कातू कशावर?"

शिष्याचा चेहरा पडला, तरी तो म्हणाला, "विस्तव दिला असता तर डफ वाजला नसता. मग एवढं सुंदर कवन लोकांनी ऐकलं कसं असतं?"

आणि संतापाची गोष्ट ही, की काही शहाण्यांना ते पटलंसुद्धा! खरंच आहे म्हणे, उरूस काय रोज येतो?

उस्ताद मात्र उठून उभे राहिले.

"नसतं ऐकलं! काय बिघडलं असतं? डफ भद्द वाजला असता, लोक हसले असते, आणि मी हा मानाचा डफ आनंदाने तुझ्या हातात दिला असता. आता देणार नाही. जा, आधी त्या माउलीची माफी माग."

शिष्य खाली मान घालून बाईपुढे गेला. "चुकलं माझं. मी नवा चरखा करून देतो. मला माफ करा."

बाईने पोराला छातीशी घट्ट धरलं.

"चरखा दे, तो घेईन मी. पण माफी कसली मागतोस? माझं लेकरू वाचलं म्हणून तू माझ्यासमोर उभा तरी राहू शकतोस. वाचलं नसतं, तर काय म्हणाला असतास?"

शिष्य तसाच चरख्यासाठी लाकूड शोधायला निघाला.

तात्पर्य: दयेचं गाणं बिनचूक व्हावं म्हणून जो दया नाकारतो, त्याचं गाणं कितीही गोड असो, ते ऐकून मान डोलावू नये.